चुंबक आणि विद्युतचुंबकाचं किट (आठवीतल्या लेकीसाठी घेतलं) : ५ पैकी ४ स्टार

साडेआठशेच्या आसपास पडलं, ऑनलाइन मागवलं. बॉक्समध्ये दोन पट्टी चुंबक, एक नालाकृती, लोहकीस, छोटं होकायंत्र, इनॅमलची (म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या पातळ लेपाची) तांब्याची तार, दोन सेलचा होल्डर, दाबायचा स्विच, एक नरम लोखंडाचा बोल्ट आणि एक स्टीलचा. हे शेवटचे दोन दिलेत ना, त्यासाठीच मी हे किट घ्या म्हणेन. बहुतेक किटमध्ये एकच खिळा टाकून देतात आणि मग मुलांना खरी गंमत कळतच नाही.

लेकीने दोन्ही बोल्टवर सारखेच वेढे घेतले, स्विच दाबला, दोघांनीही टाचण्या उचलल्या. स्विच सोडला तर नरम लोखंडावरच्या सगळ्या टाचण्या खाली आणि स्टीलला मात्र दोन-तीन लटकलेल्याच राहिल्या. करंट बंद, तार काढून टाकली तरी लटकलेल्या! मग तिनेच विचारलं की विद्युतचुंबकाने भंगार उचलणाऱ्या क्रेनमध्ये मग स्टीलचा गाभा चालणार नाही ना, माल सोडणारच नाही तो. अगदी बरोबर, आणि कायमचा चुंबक बनवायचा तर उलट, तिथे या दोघांत स्टीलच कामाचं. पुस्तकात ही दोन वाक्यं वाचून तिने मागच्या वर्षीच पाठ केली होती पण डोक्यात बसली ती आत्ता.

पहिला प्रयोग ओरस्टेड या शास्त्रज्ञाचा आहे, १८२० चा, होकायंत्रावरून तार न्यायची आणि करंट सोडायचा की सुई फिरते, सेल उलटे लावले की सुई उलट बाजूला. साधा वाटतो पण इथूनच सगळं सुरू झालं म्हणून तो आधी ठेवला हे आवडलं. आमच्याकडे यावरून अलिबागच्या वेधशाळेचा विषय निघाला. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी मुंबईच्या कुलाब्याला व्हायची, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या करंटने वाचनं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. टेबलावर सुई हलताना बघितली की एवढी अख्खी वेधशाळा का हलवली ते मुलांना लगेच पटतं.

तार चांगली आहे, इनॅमल एकसारखं, कुठे उडालेलं नाही. हे महत्त्वाचं आहे कारण इनॅमल गेलं की वेढे एकमेकांत शॉर्ट होतात, करंट वेढ्यांमधून फिरतच नाही. १८२५ साली स्टर्जनने पहिला विद्युतचुंबक केला तेव्हा तार उघडीच होती, त्यामुळे वेढे लांब लांब घ्यावे लागले, मग अमेरिकेत जोसेफ हेन्रीने तारेलाच आवरण घालून दाट थरावर थर गुंडाळले आणि ताकद कुठच्या कुठे गेली. फक्त टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरने नीट घासून काढा, तांबं लख्ख दिसेपर्यंत. माहितीपत्रकात हे कुठेच लिहिलेलं नाही आणि त्यामुळे "किट चालत नाही" असे रिव्ह्यू आलेत बहुतेक. अजून एक, स्विच फार वेळ दाबून धरू नका, तारेचा रेझिस्टन्स अगदी कमी असतो, सेल आणि तार दोन्ही तापतात. चार-पाच सेकंद पुरतात.

आता एक स्टार का कापला. माहितीपत्रकात "चुंबक धातूंना ओढतो" असं सरळ छापलंय, हे चूक आहे आणि मुलांच्या वस्तूत तर अजिबात चालू नये. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम काही चिकटत नाही, लोखंड, निकेल, कोबाल्ट चिकटतात. लेकीला घेऊन स्वयंपाकघरात फिरा, ॲल्युमिनियमच्या कढईला नाही, लोखंडी तव्याला घट्ट, आणि स्टीलच्या भांड्यांत काहींना चिकटतो काहींना नाही, इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला मात्र चिकटतोच.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. चार छोटे गोल निओडिमियम चुंबक नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकलेत आणि बॉक्सवर वय ५+ लिहिलंय. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात, भोक पडू शकतं, ऑपरेशनची वेळ येते. घरात लहान मूल असेल तर ते चार आधी काढून वर ठेवा, बाकीचे प्रयोग त्यांच्याशिवाय होतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, थेट हॉस्पिटल.

लोहकीस सुटा दिलाय, चुंबकाला थेट लागला की निघता निघत नाही, म्हणून चुंबक कागदाखाली ठेवूनच वर कीस भुरभुरवा आणि कागदाला हलक्या टिचक्या मारा, बलरेषा सुंदर उमटतात. पट्टी चुंबकांसोबत टोकांना लावायच्या लोखंडी पट्ट्या दिल्यात, त्या हरवू नका, विजातीय ध्रुव शेजारी ठेवून पट्ट्या लावल्या तर चुंबकांची ताकद लवकर उतरत नाही.

तार संपली तर नवीन किट घ्यायची गरज नाही, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते, २६ गेजची मागा.