पेनिड्युर एलए १२ : मुलीला दर २१ दिवसांनी देतोय, आमचा अनुभव

मुलगी अकरावीला आहे. मागच्या पावसाळ्यात आधी घसा धरला, मग ताप आणि गुडघे-घोटे सुजले, आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाची एक झडप) लीक निघाला. रुमॅटिक हार्ट, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या रुमॅटिक तापानं झडप खराब होणं. कार्डिओलॉजिस्टनी पेनिड्युर, म्हणजे बरेच दिवस टिकणाऱ्या पेनिसिलीनचं इंजेक्शन, १२ लाख युनिट लिहून दिलं, दर २१ दिवसांनी, चुकवायचं नाही म्हणाले, कारण परत तो रुमॅटिक ताप आला की व्हॉल्व्ह अजून खराब होतो.

औषध स्वस्त आणि कामाचं, ताप परत आलेला नाही. पण खरा त्रास म्हणजे ते टोचायला कुणी तयार होत नाही. गावातल्या दोन दवाखान्यांत पेनिसिलीन नाव ऐकलं की "रिअ‍ॅक्शन येते हो, तालुक्याला जा" एवढंच उत्तर. भीती खोटी नाहीये, जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन क्वचित येते पण येते. म्हणून आता आम्ही ठरवलंय, जिथं पेशंट झोपवायला बेड, ऑक्सिजन आणि अ‍ॅड्रेनॅलिन (अशा रिअ‍ॅक्शनवरचं जीव वाचवणारं इंजेक्शन) आहे तिथंच घ्यायचं. मी सरळ विचारते, अँप्यूल कुठंय, एक्सपायरी बघू. एका सिस्टरनी "एव्हिल आहे ना" म्हणून दाखवलं, पण एव्हिल-हायड्रोकॉर्ट (अ‍ॅलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड) नंतरचं, श्वास अडकला किंवा बीपी पडलं तर पहिलं अ‍ॅड्रेनॅलिनच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. थोडा वाईटपणा येतो पण येऊ दे.

टेस्ट डोस प्रत्येक वेळी करतात. निगेटिव्ह आली म्हणजे निर्धास्त असं मात्र नाही, त्यामुळं इंजेक्शननंतर अर्धा तास तिथंच बसतो. आमचे हे लगेच गाडी काढायला बघतात, त्यांना चहाला पाठवते.

एकदा ती टोचल्यावर पांढरी पडली, घाम फुटला, आणि सगळे धावले. डॉक्टरांनी पाय वर करून झोपवलं, नाडी बघितली तर मंद, अंगावर पित्त नाही, ओठ सुजलेले नाहीत, श्वास नीट, आणि थोड्या वेळात उठून बसली. दुखण्यानं आणि भीतीनं आलेली चक्कर होती. तेव्हा तिथं कुणी घाईत "पेनिसिलीन अ‍ॅलर्जी" लिहून टाकलं असतं तर चांगलं औषध कायमचं बंद झालं असतं! तेव्हापासून उपाशी पोटी नेत नाही, पाणी पाजते आणि झोपवूनच द्यायला सांगते. ज्यांचं हार्ट फारच कमजोर आहे, धाप लागते, त्यांनी मात्र इंजेक्शन की गोळ्या हे आधी कार्डिओलॉजिस्टना विचारा, कारण अशांना ही साधी चक्करसुद्धा झेपत नाही.

दुखतं खूप, हे खरं. पावडर घट्ट कालवली जाते, बारीक सुई चोक होते, म्हणून जाड सुई, कमरेत खोल आणि एकदम सावकाश. सुई घातल्यावर मागं ओढून रक्त येत नाही ना बघतात, कारण हे शिरेत गेलं तर हार्ट बंद पडू शकतं. आमची सिस्टर दर वेळी बाजू बदलते, त्यानं लंगडणं जरा कमी झालंय.

मधे मेडिकलला माल नव्हता, तेव्हापासून एक बाटली जादा ठेवतो. फाइलमध्ये तारखांचा कागद आणि कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी असतेच, चिठ्ठी दाखवली की नवीन डॉक्टरही जरा नरम येतात.

व्हॉल्व्हचा दोष राहिला तर हे किमान १० वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, जे जास्त असेल ते. बारावीनंतर पुण्याला जायचं म्हणतेय, म्हणजे होस्टेलच्या आधी हे इंजेक्शन देणारं हॉस्पिटल शोधायला लागणार.