मुलाँ रूज, पॅरिस: आईला घेऊन जावं का? (हो, पण जेवणाचं तिकीट काढू नका)

पॅरिसला निघालेल्या प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये एक प्रश्न हमखास हळू आवाजात विचारला जातो, की ते मुलाँ रूज, म्हणजे तिथला तो प्रसिद्ध जुना कॅबरे, "तसलं" आहे का आणि असेल तर आईबाबांना घेऊन जाता येईल का. दोन्हीचं उत्तर हो. काही डान्सर टॉपलेस असतात, सगळ्या नाही. माझ्याबरोबर आई होती, सत्तरीच्या घरातली, सगळं आयुष्य सदाशिव पेठेत गेलेलं आणि त्यातली बरीच वर्षं शिवणाचे क्लास घेण्यात. ती पहिली पाच मिनिटं चुळबुळली, मग मला म्हणाली "अगं केवढ्या उंच आहेत गं या सगळ्या", आणि त्यानंतर तिचं पूर्ण लक्ष कपड्यांवर, म्हणजे जिथे जिथे होते तिथे. उंचीचं तिने बरोबर ओळखलं, इथे मुलींना किमान १.७५ मीटर उंची लागते, म्हणजे पावणेसहा फूट, त्यावर टाचा आणि त्यावर डोक्यावरची पिसं, त्यामुळे पुढच्या टेबलावरून बघताना मान दुखते.

बाहेरून पहिल्यांदा बघितलं की थोडं "एवढंच होय" वाटतं. मेट्रोच्या दोन नंबर लाईनवर ब्लाँश स्टेशन, वर आलात की समोरच. आजूबाजूला बुलवार द क्लिशीवरची सेक्स शॉप, कबाबवाले, आणि मधल्या चौकात हवा वर सोडणारी जाळी, जिच्यावर उभं राहून स्कर्ट उडवत फोटो काढायला पोरींची ही गर्दी. छतावरच्या त्या लाल पवनचक्कीने (मुलाँ रूज या नावाचा अर्थच तो) आयुष्यात एक मूठ पीठ दळलेलं नाही, ती सुरुवातीपासून शोभेचीच. खऱ्या पवनचक्क्या वर मोंमार्त्रच्या टेकडीवर होत्या, त्यातली मुलाँ द ला गालेत अजून उभी आहे, दिवसा जाऊन बघून या. खालच्या या शोभेच्या चक्कीची पाती २०२४ च्या एप्रिलमध्ये रात्री शो संपून लोक गेल्यावर निखळून रस्त्यावर पडली, सोबत नावातली पहिली तीन अक्षरंही, नशीब कोणाला लागलं नाही. ऑलिंपिकच्या आधी ५ जुलैला नवीन पाती बसवली खरी पण ती फिरायला लागायला २०२५ चा जुलै उजाडला.

आता इतिहास, कारण निम्मे पैसे आपण त्याचेच देतो. ६ ऑक्टोबर १८८९ ला झोझेफ ओलेर आणि शार्ल झिडलेर या दोघांनी हे सुरू केलं, आयफेल टॉवर पण त्याच वर्षीचा, पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि गावात पैसेवाल्या पाहुण्यांचा पूर आला होता. मागच्या बागेत प्लास्टरचा एक भलामोठा हत्ती उभा केलेला, त्या प्रदर्शनातूनच आणलेला, आणि त्याच्या पोटात पुरुषमंडळींसाठी वेगळा नाच चालायचा. पहिली स्टार लुईझ वेबर, लोक तिला ला गुल्यू म्हणायचे, कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी, नाचता नाचता पायाच्या अंगठ्याने समोरच्या साहेबाची टोपी उडवायची. रात्री बड्या घरातल्यांनी येऊन गरीब वस्तीतल्या बाईचा नाच बघायचा आणि दिवसा तिलाच नावं ठेवायची, हे आपल्याकडे तमाशाच्या कनातीत बघून झालेलंच आहे. १८९१ मध्ये चित्रकार तुलूझ लोत्रेकने तिचं पोस्टर केलं, ते पॅरिसभर भिंतींवर लागलं आणि दोघं एकदम प्रसिद्ध झाले. पुढे तिने जत्रेत स्वतःच्या नाचाचं खोपट काढलं, तो धंदा बसला, आणि शेवटी शेवटी ती याच मुलाँ रूजच्या आसपास शेंगदाणे आणि सिगारेटी विकायची. १९२९ मध्ये गेली. तिची कबर आता मोंमार्त्रच्या दफनभूमीत आहे, इथून चालत जेमतेम पाच-सात मिनिटं, पण टूरवाले काही तिथे नेत नाहीत.

आणि हो, आईला मी हे सांगितलं नाही पण तुम्हाला सांगते, १८९२ पासून इथे झोझेफ प्युजोल नावाचा मार्सेलचा एक माणूस स्टेजवर चक्क पादण्याचे प्रयोग करायचा, सुरात, वेगवेगळे आवाज काढून, आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे. एवढ्या नटव्या जागेची ही पण परंपरा आहे म्हटलं.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. "लोत्रेक बसायचा त्याच हॉलमध्ये बसलो" असं घरी येऊन कोणाला सांगू नका, तो हॉल १९१५ च्या आगीत जळला. परत उघडलं ते १९२१ मध्ये, आणि आत्ता जी लाल मखमल आणि दिवे दिसतात ती सजावट बरीचशी १९५१ च्या नूतनीकरणातली. तरी आत शिरल्यावर काहीतरी होतं हे कबूल. साधारण साडेआठशे-नऊशे लोक, लांबलचक टेबलं स्टेजच्या दिशेने लावलेली, प्रत्येक टेबलावर छोटा लाल दिवा, भिंतींवर जुनी पोस्टरं. टेबलं दाटीवाटीची असतात, अनोळखी लोकांशी गुडघे लागणार हे धरून चाला. आमच्या शेजारी पोर्तुगालचं एक म्हातारं जोडपं होतं, लग्नाचा वाढदिवस, भाषा एकमेकांची शून्य, पण कॅनकॅन या पाय उंच उडवत करायच्या नाचाच्या वेळेला आई आणि त्या आजी एकाच वेळी "ओहो" म्हणाल्या.

सध्याचा शो आहे "फेरी", १९९९ पासून हाच चालू आहे. १९६० च्या दशकापासून यांच्या सगळ्या शोंची नावं फ्रेंच एफ अक्षरावरूनच, श्रद्धा म्हणा. पावणेदोन तासांच्या आसपास, ६० कलाकार, हजार पोशाख. आणि खरं सांगू का, पहिला निम्मा भाग मला जुना वाटला. समुद्री चाच्यांचा प्रसंग येतो, सर्कस येते, रेकॉर्डेड गाणी लागतात, समोर ऑर्केस्ट्रा नाही, चकचकाट एवढा की कुठे बघावं कळत नाही, आणि पंचवीस वर्षांपूर्वी जे भव्य वाटलं असेल ते आता कुठल्याही अवॉर्ड सोहळ्यात टीव्हीवर बघायला मिळतं. स्टेजमधून पाण्याने भरलेली काचेची टाकी वर येते तेव्हा मात्र सगळा हॉल गप्प. मधे मधे कसरतवाले येतात, आम्ही गेलो तेव्हा एका छोट्या गोल चौथऱ्यावर रोलर स्केट घालून एक जोडी गरगर फिरत होती, तो तिला नुसत्या मानेवर तोलून, मी तर डोळे झाकून घेतले.

आणि मग कॅनकॅन. यासाठी जा. बाकी सगळं विसरा. निळ्या-पांढऱ्या-लाल झालरींचे घागरे, मुली किंचाळत स्टेजवर येतात, आणि मग जे सुरू होतं ते आपण नाजूक मनोरंजन समजतो त्यातलं अजिबात नाहीये, तो सरळ सरळ व्यायामशाळेतला प्रकार आहे. एक पाय कानापर्यंत नेऊन घोटा हाताने धरायचा आणि दुसऱ्या पायावर उड्या मारत गोल फिरायचं, मग एकामागून एक कार्टव्हील, मग हवेत उडी घेऊन थेट जमिनीवर स्प्लिट, आणि हे सगळं तो घेर सांभाळत, हसत, ओरडत, दम लागलेला न दाखवता. एका रात्रीत दोन शो, आणि वर्षाचे ३६५ दिवस. स्प्लिटचा धप्प आवाज मागच्या टेबलापर्यंत ऐकू येतो. या मुलींचे बूट मेझाँ क्लेरव्वा आणि पिसांचं काम मेझाँ फेव्रिए या जुन्या कारखान्यांत हाताने होतं, दोन्ही आता मुलाँ रूजच्याच मालकीचे, नाहीतर हे कसब कधीच बंद पडलं असतं. आई परत येताना मेट्रोत झालरीला किती मीटर कापड लागलं असेल याचा हिशोब करत बसली होती आणि टॉपलेस वगैरे विषय तिच्या डोक्यातून केव्हाच गेला होता. मी मुद्दाम विचारलं तर म्हणाली, "त्यात काय, त्या कामावर आल्यात".

आता पैशाचं. नुसत्या शोचं तिकीट शंभर युरोच्या आसपास, तारखेप्रमाणे आणि जागेप्रमाणे खाली-वर होतं, जेवणासकट घेतलं तर जवळपास दुप्पट. जेवणासाठी संध्याकाळी सातला हजर व्हायचं, शाकाहारी मेनू मिळतो पण बुकिंग करतानाच सांगावं लागतं, आणि तेवढ्या पैशात दोन दिवस पॅरिसमध्ये छान खाता येतं असं माझं मत, ज्यांना वाढदिवस-बिढदिवस करायचाय त्यांनी करावा. शो दोन, एक नऊचा आणि दुसरा त्यानंतर रात्री उशिराचा. आईवडील बरोबर असतील तर नऊचाच घ्या, उशिराचा सुटेपर्यंत शेवटची मेट्रो गाठायची धावपळ होते (शुक्रवार-शनिवारी ती जरा उशिरापर्यंत असते) आणि त्या वेळी पिगालच्या, म्हणजे याच भागातल्या, रस्त्यावर "या ना आत, एक ड्रिंक घ्या" करणारे बरेच भेटतात, त्यांच्याकडे बघायचं पण नाही. टूरच्या पॅकेजमध्ये हे ऑप्शनल म्हणून असतं, त्याची किंमत आधी मुलाँ रूजच्या स्वतःच्या साईटवरच्या किमतीशी ताडून बघा, मग ठरवा. हाफपँट, स्लिपर, स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, आईच्या पैठणीकडे मात्र दारावरचा माणूस बघतच राहिला. सहा वर्षांच्या वरची मुलं मोठ्यांबरोबर चालतात, न्यायची का ते तुमचं तुम्ही बघा. आत फोटो-व्हिडिओ पूर्ण बंद, आणि मला विचाराल तर हेच बरं, नाहीतर समोरच्याच्या फोनमधूनच कॅनकॅन बघावा लागला असता.

जे याच नावाच्या त्या इंग्रजी सिनेमाच्या आठवणीने जाणार आहेत त्यांनी एवढं लक्षात घ्या की इथे गोष्ट-बिष्ट काही नाही. आणि ज्यांना लोत्रेकमध्ये रस आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी म्युझे दॉर्से या संग्रहालयात जा, ला गुल्यूच्या जत्रेतल्या खोपटासाठी त्याने रंगवलेले मोठे पडदे तिथे आहेत, त्यात ती नाचतानाच दिसते.

माझ्याकडून ५ पैकी ४. जेवणाचं तिकीट काढलंत तर ३. आई म्हणते ५, पण तिने पैसे दिलेले नाहीत.