शेवच कली म्हणजे काय?

आमच्या हिचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. यंदा दिवाळीच्या तोंडावर फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट करून देणाऱ्या एका सेवेला काम दिलं. महिना अडीच हजार. नाव लिहीत नाही, पोरगा कष्टाळू आहे. फोटो कसे होते ते मला विचारू नका, मला दिसत नाही. बँकेत अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो, त्यामुळे आमची परीक्षा कानानेच.

टॉकबॅकवर, म्हणजे फोनच्या पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, पहिली पोस्ट ऐकली. मजकूर झकास. मग हॅशटॅग सुरू झाले, मोजून बावीस! रोमन लिपीतले सगळे लहान अक्षरांत, एकाला एक चिकटलेले. फोनमधली बाई त्यांना एकच शब्द समजून जे काही उच्चारत होती, त्याला भाषा म्हणवत नाही. त्यात #शेवचकली आलं. बाई म्हणाली, "शेवच कली." मी हिला वाचायला लावलं. डोळस बाई, तीही म्हणाली, "शेवच... कली?"

पोराला फोन केला. म्हटलं, रोमनमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल कर, शोधण्यात काही फरक पडत नाही. २०१२ साली गायिका सुझन बॉयलच्या अल्बमचा हॅशटॅग असाच सलग लिहिल्यामुळे भलताच अश्लील वाचला गेला होता, तेही सांगितलं. पोरगा खो खो हसला आणि ऐकलं.

देवनागरीचं मात्र अडलं. आपल्याकडे कॅपिटल नाही. जागा सोडली किंवा मध्ये आडवी रेघ (हायफन) दिली की हॅशटॅग तिथेच तुटतो. राहिला अंडरस्कोर: #शेव_चकली. पोरगा म्हणाला, "काका, मग तो वेगळा हॅशटॅग होतो, सलगवाल्यात आपण दिसणार नाही." हे खरं आहे. पण सलगवाल्यात तरी आपली चकली कोण शोधत बसलंय? शेवटी तह झाला: पोस्टच्या अगदी शेवटी चारच हॅशटॅग, मराठीत अंडरस्कोर. काही फोन "अंडरस्कोर" असं मोठ्याने म्हणतात. चालेल, निदान शब्द तरी कळतात.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा फोन पहिल्या रिंगला उचलतो म्हणून. दीड कापला, कारण फोटोच्या वर्णनात अजून "चकलीचा फोटो" एवढंच असतं. काटे आलेत का, रंग कसा उतरलाय, काही नाही.