खांदेरीच्या दीपगृहाची सहल: बोट उत्तम, माहिती अपुरी

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी बेटावर नेणारी अर्ध्या दिवसाची माहितीसहल आम्ही दोघांनी जानेवारीत केली. समुद्रप्रवासाबद्दल तक्रारीला जागा नाही. तांडेलांनी भरतीची वेळ अचूक साधली, सर्वांना जीवरक्षक जाकिटे घालायला लावली आणि बेटाच्या धक्क्याशी बोट हेलकावत असताना वयस्कर मंडळींना हात धरून एकेक करून उतरवले.

मी मात्र मुख्यतः दीपगृहासाठी गेले होते आणि त्या बाबतीत माझी निराशा झाली. मार्गदर्शकांनी तटबंदी, गाड्यांवरच्या तोफा, वेताळाचे मंदिर आणि ठोकल्यावर धातूसारखा नाद करणारा खडक हे सारे मन लावून दाखवले. परंतु टेकडीवरच्या अष्टकोनी मनोऱ्यापाशी आल्यावर ‘हा इंग्रजांनी बांधला’ एवढेच सांगून ते परतीच्या वाटेला लागले. आत प्रवेश मिळणार नाही, हेही तेथेच कळले. नोंदणीच्या वेळी ते सांगायला हवे होते.

वास्तविक किल्ल्याची आणि दिव्याची गोष्ट वेगळी करताच येत नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी येथे बांधकाम सुरू केले, तेव्हा मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे नको म्हणून इंग्रजांनी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली; तरीही किनाऱ्यावरून लहान होड्या रात्रीच्या अंधारात माणसे आणि सामान घेऊन येतच राहिल्या आणि मोठ्या जहाजांना त्या अडवता आल्या नाहीत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब जातीचे लढाऊ जहाज मराठ्यांच्या हाती लागले. १८१८ मध्ये बेट इंग्रजांकडे गेले, आणि पुढे मुंबईकडे येणाऱ्या जहाजांना हा खडकाळ भाग रात्रीही दुरून कळावा म्हणून १८६७ मध्ये हे दीपगृह उभे राहिले. काळोखाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या किल्ल्यात १८८ वर्षांनी दिवा लागला. मनोऱ्याच्या सावलीत उभे राहून हे ऐकायला मिळाले असते, तर दहा मिनिटे पुरली असती! बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, हेसुद्धा कोणी सांगितले नाही.

किल्ला पाहायचा असेल, तर ही सहल अवश्य करावी. दीपगृहाची ओढ असलेल्यांनी आधी वाचून जावे आणि माथ्यावर अधिक वेळ थांबण्याचे आयोजकांकडून आधीच कबूल करून घ्यावे. पाचपैकी तीन तारे, आणि ते तिन्ही तांडेलांचे.