जुनी ह्युंदाई सोनाटा की जुनी टोयोटा कॅमरी?
अमेरिकेत सेकंडहँड घेताना हा घोळ ठरलेलाच. २०१३ च्या सोनाटाच्या २.४ लिटर इंजिनात कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचं) बेअरिंग जातं, आधी खालून टकटक आणि मग चालत्या गाडीत इंजिन जाम, पण ग्राहकांच्या दाव्यात ह्युंदाईने केलेल्या कोर्टातल्या तडजोडीमुळे त्यावर लाइफटाइम वॉरंटी आहे आणि ती दुसऱ्या मालकालाही मिळते, फक्त नॉक सेन्सरचं अपडेट (ही टकटक आधीच ओळखणारं सॉफ्टवेअर) झालेलं पाहिजे, ते डीलरकडून आधीच बघून घ्या, आणि ऑइल चेंजच्या पावत्या नसतील तर बसा भांडत. (ह्युंदाईच्या जाहिरातीतली १० वर्षांची वॉरंटी वेगळी, ती पहिल्या मालकापुरतीच हां.) कॅमरीचं २.५ लिटर इंजिन दणकट, पण इंजिनवरची ५ वर्षं/६०,००० मैलांची वॉरंटी कधीच संपली, काही झालं तर खिसा आपला. तरी मी कॅमरीच घेईन, फुकट इंजिन येईपर्यंत सोनाटा गॅरेजमध्येच पडून ना!