गेरू, ऑक्साइड की इमल्शन? कानबाईआधी भिंत रंगवताना

श्रावणात कानबाई, आपली खानदेशची देवी, बसायची तर त्याआधी घर रंगवून व्हायला हवं. मग जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत तोच खल सुरू होतो: किराणा दुकानातला गेरू, हार्डवेअरवाल्याकडची लाल ऑक्साइडची पुडी, की सरळ इमल्शनचा, म्हणजे तयार प्लास्टिक रंगाचा, डबा?

गेरू आणि ऑक्साइड यांचा लाल एकच, लोहाच्या ऑक्साइडचा. गेरूत सोबत चिकणमाती आणि वाळूही असते, त्यामुळे रंग मातकट, मऊ, आणि प्रत्येक ढेकळाची छटा निराळी. कारखान्यातला ऑक्साइड फार बारीक आणि तीव्र. चिमूटभर भुकटीने बादली लाल होते. उन्हाने दोन्ही उडत नाहीत, चुन्यातही बिघडत नाहीत. दुकानात मात्र भुकटी मागा, नाहीतर लोखंडाला लावायचा तेलाचा रेड ऑक्साइड हातात पडेल.

पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती, हीही लोहाचीच, फक्त तिच्यात पाणी बांधलेलं असतं. जुन्या लोखंडी तव्यावर ती खूप तापवली की पाणी जाऊन ती तांबडी होते. झालीच नाही, तर रंग चढवलेला खडू गळ्यात मारलाय असं समजा. (हा उद्योग अंगणात करा. धुराची खात्री नसते.)

खरा निवाडा भिंतीचा. मातीची भिंत असेल तर इमल्शनचा विचार सोडा. त्याचा पापुद्रा भिंतीतली ओल अडवतो आणि पावसाळ्यात फुगून सुटतो. अशा भिंतीला चुन्यात कालवलेला गेरूच बरा. रंग चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या वर नेऊ नका, नाहीतर पाठ टेकली की सदरा लाल. नुसत्या पाण्यातला गेरू तर हमखास हाताला लागतो. डिंक किंवा सरस घातला तर धरतो, पण तो ओसरीच्या आत. पावसाचा मारा बसला की दोन्ही विरघळतात.

अजिंठ्याचे रंग एवढे टिकले, मग आपले का नाही, असं कोणीतरी म्हणतंच. तिथला तांबडा, पिवळा आणि हिरवा मातीचाच आहे, खाली मातीचाच गिलावा आहे, हे खरं. निळा तेवढा अफगाणिस्तानाकडच्या बदख्शानच्या लाजवर्दाचा, म्हणजे निळ्या दगडाचा. पण ती चित्रं डोंगराच्या पोटात आहेत. तुमची भिंत पश्चिमेला तोंड करून उभी आहे.

सिमेंटच्या कोऱ्या गिलाव्यावर चुना-ऑक्साइड चालतो. आधी इमल्शन लावलेलं असेल तर चुना धरणार नाही. खरवडा, नाहीतर पुन्हा इमल्शनच लावा. उगाच हौस नको.

वेळेचं म्हणाल तर काम आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आत उरका. पावसात ताजा चुना धुपतो. पण वैशाखातल्या आपल्याकडच्या उन्हात तो इतक्या झटपट वाळतो की नुसती भुकटी उरते. म्हणून आधी भिंत भिजवा, सावली फिरेल तसे पातळ हात द्या आणि दुसऱ्या दिवशीही पाणी शिंपडा.

शेंदूर गेरूऐवजी कधीही वापरू नका. त्यात शिसं असतं आणि लेकरं भिंतीला हात लावून तोच तोंडात घालतात.

माझं मत विचाराल तर ओट्याला आणि खालच्या पट्ट्याला गेरू, कारण तिथे छटा हलली तरी शोभते. लांबलचक भिंत एकसारखी हवी असेल तर ऑक्साइड घ्या. गेरूच लावायचा हट्ट असेल तर सगळ्या भिंतीला पुरेल एवढा एकाच वेळी भिजवा, फडक्यातून गाळा आणि हात मारताना दरवेळी तळापासून ढवळा.