सायकलच्या ६६ सीसी इंजिनाला कोणता प्लग? वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगच्या चर्चेत सगळे नंबरावरच, म्हणजे प्लग किती गरम राहतो त्या आकड्यावरच भांडतात. ५ घ्या, ६ घ्या, ७ घेऊ नका. प्लगच्या टोकावर हरभऱ्याच्या दाण्याएवढा जो नट असतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. माझा अर्ध्याहून जास्त त्रास त्या नटाचा निघाला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

किट म्हणजे साध्या सायकलला बसवायचं चिनी इंजिन. विकताना ८० सीसी म्हणतात. बोअर (सिलिंडरची रुंदी) ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिलिमीटर, म्हणजे हिशेबानं ६६ भरतं. टू-स्ट्रोक, ठिणगीसाठी सीडीआय (प्लगला वीज पुरवणारा डबा), पायडल मारून क्लच सोडला की चालू. आमचं गाव मानवतकडचं. गाडी चालते ती गावातून शेतापर्यंत, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेनं. पेट्रोल इंजिन बसवलेली सायकल आरटीओकडं नोंद होत नाही, त्यामुळं हायवेला ती काढूच नका. शेतरस्त्याला मात्र मागं खताची गोणी बांधून निमूट चालते.

किटसोबत झेड४सी छापलेला प्लग येतो. सुरुवातीला बरा चालला. मग खड्ड्यात चाक गेलं की इंजिन एक ठोका चुकवायचं, सपाटीला लागलं की पुन्हा नीट. चढावर गोणी असताना तर दोन-तीन ठोके सलग गायब. सगळ्यांनी एकच सांगितलं: चिनी प्लग फेकून दे, एनजीके कंपनीचा बी६एचएस टाक.

सल्ला चुकीचा नव्हता. त्या अक्षरांचा अर्थ मात्र घेणाऱ्याला माहीत पाहिजे. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर. एचच्या जागी ई असेल तर लांबी १९ मिलिमीटर, तो प्लग आत उतरून थेट पिस्टनला भिडेल. शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक गाडीचा प्लग मागू नका, त्याचे आटे बहुधा १० मिलिमीटरचे असतात. उलटा धोका फवारणी पंपाच्या प्लगचा. आपल्याकडं घरोघरी पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप आहे, आणि त्याचा बीएम६ए किंवा एल७टी जातीचा प्लग ह्या हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) आरामात बसतो, कारण आटे १४ चेच. पण लांबी फक्त ९.५. ठिणगी हेडच्या भोकात आतच पडते, खालचे उघडे आटे कार्बननं भरतात, आणि पुढं योग्य प्लग लावायला गेलं की तो अडकतो. ॲल्युमिनियमचं हेड आहे, जोर केला की आटेच निघून येतात. एक दिवस भागवायला म्हणूनसुद्धा लावू नका.

आता दुकानाचं. परभणीतल्या एका दुकानातून शंभर-सव्वाशेच्या आसपास देऊन प्लग आणला. घरी डबी उघडली तर टोकावर नट नाही, नुसता आट्यांचा खिळा. परत गेलो. दुकानदार म्हणाला, "नट लागत नसतो भाऊ, सगळे काढूनच टाकतात." मोटारसायकलच्या बऱ्याच कॅप, म्हणजे वायरच्या टोकाला प्लगवर बसणाऱ्या टोप्या, त्या उघड्या खिळ्यालाच धरतात, तेवढ्यापुरतं त्याचं खरं आहे. किटची कॅप तशी नाही. तिच्यात आत एक वाकवलेली स्प्रिंग क्लिप असते आणि ती नटाच्या गोल डोक्यालाच पकडते. उघड्या खिळ्यावर ती नुसती टेकते. हे मी दाखवून सांगितलं, तरी नट द्यायला तो तयार नाही, प्लग परत घ्यायला तर नाहीच. दीड-दोन रुपयांच्या वस्तूसाठी मला परत मानवतला पाठवलं. पैसे मोजून घेतलेल्या डबीतली वस्तू गिऱ्हाइकाला न विचारता काढून टाकायचा अधिकार दुकानाला कुणी दिला? मला त्याचा अजून राग आहे.

शेवटी जुन्या प्लगचा नट काढून नव्याला लावला. ठोके चुकणं कमी झालं, थांबलं नाही. मग आमच्याकडच्या चाचांकडं नेली. लुनाच्या काळापासून टू-स्ट्रोकवर हात बसलेला माणूस. म्हणाले, "प्लग खोलू नको, आधी कॅप काढ." दिवस मावळला होता. इंजिन चालू ठेवून त्यांनी कॅप किंचित उचलली, तर रबराच्या आत निळी ठिणगी उडताना स्पष्ट दिसली. नट काढला. त्याच्या आतल्या आट्यांवर काळी पूड, आणि खिळ्यावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. धक्क्यांनी नट सैल व्हायचा आणि ठिणगी आधी तिथंच उडी मारायची. सीडीआय असाही कमी फेऱ्यांवर दुबळा, त्यात वाटेतच ताकद गेली तर खाली काय पोचणार?

चाचांनी आटे पुसले, नट पकडीनं आवळला. तिरका जोर देऊ नका, पोर्सिलेन तडकतं. नंतर मी किटची कॅपच काढली आणि उघडा खिळा धरणारी, आत ५ किलोओहमचा रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) असलेली साधी कॅप घेतली. जुन्या वायरचं टोक अर्धा इंच कापून ताज्या तारेत तिचा स्क्रू फिरवून बसवला. आता नटाची गरजच उरली नाही. फक्त कॅप रेझिस्टरची असेल तर प्लग बिनरेझिस्टरचा ठेवा, म्हणजे नावात आर नसलेला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, मध्ये कापसाची वेचणी आली. त्या काळात मत थोडं बदललं. तेव्हा बी६एचएस बारमाही चालेल असं वाटत होतं. पण वेचणीत गाडी सारखी थांबत, हळू, जवळच्या जवळ फिरली, आणि प्लग काळा, ओला निघू लागला. प्लगचं नाक, म्हणजे आतलं पोर्सिलेनचं टोक, साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच तेलाचा कार्बन स्वतः जाळतं. ८७०च्या पुढं गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं. हळू चालीला ६ तेवढा तापत नाही. बी५एचएस टाकला, तर आठवड्याभरात रंग फिकट तपकिरी झाला. एनजीकेत आकडा लहान तेवढा प्लग गरम. बॉशचं उलटं आहे, तिथं आकडा मोठा तेवढा गरम, आणि बी६एचएसच्या जोडीला त्यांचा डब्ल्यू७एसी येतो. आपल्याकडं जुने लोक अजून मायकोचा प्लग म्हणतात तो ह्याच घरचा.

४ वर मात्र जाणार नाही. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं कार्बोरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रणात हवेच्या मानानं इंधन कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत ६, बाकी ५, असं ठरवलंय. दोन्ही प्लग मिळूनही एका इरिडियमपेक्षा (इरिडियम धातूचं टोक असलेल्या महाग प्लगपेक्षा) स्वस्त पडतात. तेल पिणाऱ्या टू-स्ट्रोकला इरिडियम घेणं मला पटत नाही, तेलानं तोही भिजतोच.

गॅप, म्हणजे ठिणगी पडायची फट, ०.६ मिलिमीटर ठेवतो, फिलर गेज लावूनच. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल सुरुवातीला लिटरला ५० मिली होतं, आता ४० घालतो. नवा प्लग हातानं टेकेपर्यंत फिरवून पान्यानं अर्धा फेरा. वॉशर एकदा दबलेला जुना प्लग असेल तर जेमतेम बारावा हिस्सा. घासायला जुना टूथब्रश आणि पेट्रोल पुरतं. लोखंडी ब्रशनं पोर्सिलेनवर धातूच्या रेघा उमटतात आणि ठिणगी तिथून पळते.

नवीन घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच डबी उघडा. नट आहे का बघा, आणि वॉशर हलवून बघा. खऱ्या प्लगचा वॉशर सहज गळून पडत नाही. नट नसेल आणि तुमची कॅप किटचीच असेल, तर तो प्लग घेऊ नका.